भावंडांचे हिस्से घ्यायचेत: हक्कसोडपत्र की खरेदीखत?

वडिलांमागे घर चौघा भावंडांच्या नावावर आलं. एक तिथे राहतोय आणि बाकी तिघांचे हिस्से त्याला हवे आहेत. अशा वेळी घरात हमखास ऐकू येतं, ‘हक्कसोड करून टाकू, पाचशे रुपयांत काम.’ काम पाचशेत होतं हे खरं, पण कधी, ते बघायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकते: पैसे द्यायचे असतील तर खरेदीखत, द्यायचे नसतील तर हक्कसोड. कागदावर ‘प्रेमापोटी’ आणि हातात रोख हा मधला रस्ता सगळ्यांत स्वस्त दिसतो आणि शेवटी सगळ्यांत महाग पडतो.

इथलं सगळं महाराष्ट्रातल्या घराबद्दल आहे, आणि हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबाबद्दल. आई हयात असेल तर मुलांइतकाच तिचाही हिस्सा, हे हिशेबात धरायला विसरू नका. मुलींच्या हक्काबद्दल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही.

हक्कसोडपत्राची मोठी सोय मुद्रांकाची, म्हणजे स्टॅम्प ड्यूटीची. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क बहीण-भावाच्या लाभात सोडला तर मुद्रांक पूर्वी 200 रुपये होता, ऑक्टोबर 2024 पासून 500. तोच हिस्सा भावाला बक्षीसपत्राने द्यायचा तर 3 टक्के मोजावे लागतात, त्यामुळे भावंडांमध्ये बक्षीसपत्राच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल तर ‘वडिलोपार्जित’ शब्दावरून नोंदणीच्या वेळी शंका निघू शकते. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच अभिनिर्णय करून घेतला, म्हणजे मुद्रांक किती लागेल हे त्यांच्याकडून ठरवून घेतलं, की ती कटकट मिटते.

हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं. भावाऐवजी वहिनीच्या किंवा पुतण्याच्या नावे करता येत नाही. आणि दस्तात लाभ कोणाला ते नावानिशी लिहा. नुसतं ‘माझा हक्क सोडत आहे’ लिहिलं, तर तो हिस्सा उरलेल्या सगळ्या हिस्सेदारांकडे गेला असं कुणीही म्हणू शकतो. दस्त नोंदवलेलाच हवा, नोटरीचा कागद इथे उपयोगाचा नाही.

आता पैशांचं. समजा घराची किंमत 1 कोटी 20 लाख, म्हणजे प्रत्येकी 30 लाख आणि घेणाऱ्याने द्यायचे 90 लाख. खरेदीखत केलं तर मोठ्या शहरांत मुद्रांक साधारण 6 ते 7 टक्के, म्हणजे 5 लाख 40 हजार ते 6 लाख 30 हजार. घेणारी बहीण असेल तर घरासाठी महिलांना मिळणारी 1 टक्क्याची सवलत बघा. नोंदणी फी 1 टक्का, पण एका दस्ताला कमाल 30 हजार. तिघांनी मिळून एकच दस्त केला तर 30 हजार, तीन वेगळे केले तर 90 हजार. खर्च वाचवायची ही एवढी एक सरळ जागा. घरातल्या घरात किंमत कमी ठरवली तरी मुद्रांक मात्र शीघ्रसिद्धगणकाच्या (सरकारी रेडी रेकनरच्या) दराखाली जात नाही.

विकणाऱ्यांना भांडवली नफ्यावर कर. वडिलांनी घर 2001 च्या आधी घेतलं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती प्रत्येकाच्या वाट्याला 4 लाख निघाली, तर 26 लाखांवर 12.5 टक्क्यांनी सव्वातीन लाख, शिवाय उपकर. मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के हाही हिशेब करून बघा, कमी येईल तो भरा. नव्या घरात किंवा ठरावीक रोख्यांत पैसे गुंतवून हा कर वाचवता येतो. प्रत्येकाला 30 लाखच मिळत असले तरी ऑक्टोबर 2024 पासून एकूण रक्कम बघतात, त्यामुळे 50 लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापायचा असतो. बहीण अनिवासी असेल तर मर्यादाच नाही आणि कपातही बरीच जास्त. तिने आधी कमी कपातीचा दाखला मिळवलेला बरा.

एवढं वाचून ‘प्रेमापोटी’चा मोह होतो, मान्य. पण रोखीने घेतलेल्या 30 लाखांचा बहिणीकडे पुरावा काय? स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. दस्तात मोबदला लिहिला की तो खरेदीच्या मापाने मोजला जातो, लपवला आणि उघड झाला तर मुद्रांकावर दंड. घेणाऱ्याचंही नुकसान आहे, आणि ते कुणी सांगत नाही: फुकट मिळालेल्या हिश्श्याची मूळ किंमत वडिलांचीच राहते. पुढे घर विकताना त्या 90 लाखांची वजावट मिळत नाही. भावंडांनी चुकवलेला कर अखेर त्याच्याच माथी बसतो. शिवाय गृहकर्ज हवं असेल तर बँकेला किंमत लिहिलेला नोंदणीकृत दस्तच लागतो.

म्हणून हक्कसोड तिथेच शोभतं जिथे खरोखर काही घ्यायचं नाही, किंवा दुसऱ्या मिळकतीत आधीच न्याय झालेला आहे. तेराव्याला बहिणींच्या सह्या घेण्याची घाई मात्र करू नका. माहेर तुटेल या धाकाने केलेली सही पुढे कोर्टात येते.

हप्त्याने द्यायचं असेल तर आधी नोंदणीकृत साठेखत (पुढे विकण्याचा करार), शेवटचा हप्ता मिळाल्यावर खरेदीखत. किंमत ठरवताना नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्या, आणि आईचं आजारपण, गच्चीची गळती यांचा खर्च त्याआधी वजा करून लिहून ठेवा. इमारतीचा पुनर्विकास दिसत असेल तर ठरावीक वर्षांत तो झाल्यास वाढीव फायद्यातला वाटा किती, हेही कलम टाका. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

जमलंच नाही तर? हिस्सा बाहेरच्याला विकायचा झाला तर वारसा कायद्याच्या कलम 22 नुसार आधी घेण्याचा हक्क उरलेल्या वारसांचा. बाहेरच्याने घेतलाच, तरी राहत्या घरात त्याला एकत्र ताबा मागता येत नाही, त्यामुळे तो भाव पाडूनच मागतो. वाटपाचा दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि घराचे तुकडे पडण्याजोगे नसतील तर कोर्ट विक्रीचाही आदेश देऊ शकतं. तिघांना पैसेच हवेत आणि घेणाऱ्याची ऐपत नाही, तर अख्खं घर मिळून बाजारभावाने विकणं या सगळ्यापेक्षा परवडतं.