बुडाचं काम: खाडीत ओहोटीला की क्रेनने वर?
रत्नागिरीहून लक्षद्वीप आणि पुढे जायचं असेल तर निघण्याआधी बोटीचं बूड, म्हणजे पाण्याखालचा तळ, साफ पाहिजेच, कालवं चिकटलेली बोट वाऱ्यातही रडत चालते. खाडीत भरतीला आणून ओहोटीत वाळूवर बसवणं स्वस्त, पण आपल्याकडे उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) पाणी साधारण दोन मीटरच चढउतरतं, म्हणजे ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) दीड मीटरच्या आत आणि कील (बुडाखालचा कणा) लांब असेल तरच नाद करा. शिवाय हातात तीन-चार तास, तेवढ्यात घासणं, प्रोपेलर, झिंक (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) बदलणं होतं, अँटीफाउलिंगचे (कालवं चिकटू न देणाऱ्या रंगाचे) दोन हात मात्र नीट वाळत नाहीत. आणि हो, ऐन उधाणाच्या भरतीला वर चढवू नका, पुढची भरती कमी आली की भांगात (लहान भरत्यांच्या दिवसांत) अडकलात, मग पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तिथेच जेवण करा! एक-दोन दिवस आधी चढवा.

क्रेनला पैसे जातात, नंबर लवकर लागत नाही, उचलायचा पट्टा कुठे लावायचा हे ऑपरेटरला आपणच दाखवायचं. पण सीकॉक (बुडातल्या भोकावरचा पाण्याचा व्हॉल्व्ह) उघडून बघणं, रडरचं (सुकाणूचं) बेअरिंग हलवून बघणं हे क्रेनने वर घेतल्यावर कोरड्यातच, भरतीची घाई मागे असताना सीकॉक काढायला मी तरी कोणाला सांगणार नाही. लांबच्या सफरीला माझं मत क्रेनलाच, गोव्यापर्यंतच जायचं असेल तर खाडी बास.