लष्कराच्या लिलावातला विमानतळी बंब: आमच्या कारखान्यातला अनुभव

आमच्या कुंडईच्या कारखान्यात थिनर आणि रेझिनची पिंपं कायम भरलेली असतात, तेव्हा आवारातच स्वतःचा बंब असावा ही शेटची इच्छा रास्तच होती. लष्कराने मोडीत काढलेला, धावपट्टीवर चालणारा क्रॅश फायर टेंडर त्यांनी एका व्यापाऱ्याकडून घेतला. सहा हजार लिटर पाणी, वेगळी फोमची टाकी, टपावर मॉनिटर म्हणजे धार मारणारी फिरती तोफ, आणि मीटरवर किलोमीटर इतके कमी की गाडी कोरीच वाटावी. देखभाल माझ्याकडे आहे.

सगळ्यात मोठं दुखणं हवेचं. ब्रेक हवेवरचे आणि हँडब्रेक स्प्रिंगचा, म्हणजे हवेच्या टाकीत दाब नसला की चाकं जखडलेलीच. संध्याकाळी दाबाचा काटा वर ठेवून जावं तर सकाळी तो तळाला. मग इंजिन लावून कॉम्प्रेसरने हवा भरेपर्यंत बघत राहायचं. विमानतळावरच्या पहिल्या बंबाने धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचून फोम सुरू करायला आंतरराष्ट्रीय नियमाने शक्यतो 2, फार तर 3 मिनिटं मिळतात. तेवढ्यात आमची गाडी शेडबाहेरही पडत नाही. थिनरची आग तितकं थांबत नाही.

साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासला. बुडबुडे एका जागी नव्हते: ब्रेक चेंबरचं रबर, रिलीज व्हॉल्व्ह, पितळी नळ्यांच्या चकत्या, सगळीकडे बारीक बारीक. एक जोड पक्का केला की दाब थोडा वर चढतो आणि पुढचा फुसफुसायला लागतो. रबरं सुकून गेलीत. पार्टवरचा नंबर लष्करी, तो फोंड्यात आणि मडगावात कुणाला ओळखू येत नाही. शेवटी नमुने बेळगावला पाठवून बनवून घेतले.

विमानतळाच्या शेडमध्ये अशा गाडीला बाहेरून हवेची लाइन जोडलेली असते, बॅटरी चार्जरवर असते, पाळी बदलली की इंजिन आणि पंप चालवून बघतात. तिथे ती वेळेवर निघायची ती या बडदास्तीमुळे. लिलावात नुसती गाडी येते.

कमी किलोमीटरला तर अजिबात भुलू नका. बंब भरलेलाच उभा असतो, म्हणजे सहा टन पाणी वर्षानुवर्षं कमानींवर. आमच्या मागच्या कमानीचे पाटे बसून सपाट झाले होते. टायरची नक्षी शाबूत, पण कडेला चिरा. तिथले चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि इंजिन धावलं ते थंडच असताना, एकदम पूर्ण रेसवर.

फोमची बाजू वेगळीच. प्रपोर्शनर, म्हणजे पाण्यात ठरलेल्या प्रमाणात फोम मिसळणारा भाग, खोलला तेव्हा आत तपकिरी चिकट थर, त्यात गंजाचे पापुद्रे. टाकीत राहिलेला फोम आटून तसा होतो. शिवाय प्रपोर्शनर 6 टक्क्यांवर बसवलेला होता आणि आम्ही आणलेला फोम 3 टक्क्यांचा. तसंच चालवलं असतं तर फोम निम्म्या वेळात संपला असता.

पंप मात्र अव्वल. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड, लावला की गाडी चालत असतानाही मॉनिटरची धार तुटत नाही, असा पंप मी दुसऱ्या कुठल्या बंबावर पाहिलेला नाही. म्हणून गाडी भंगारात काढू नका असं मीच शेटना सांगितलं. आता ती पाण्याचा साठा म्हणून आवारातल्या हायड्रंटच्या, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळाच्या, जोडीला उभी असते. पहिला मारा हायड्रंट आणि फोम ट्रॉलीचा, आणि 101 ला फोन त्याच क्षणी.

कुणी घेणारच असेल तर व्यापाऱ्याला न कळवता सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर हवा आताच भरून ठेवलीय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड असेल तर किल्ली फिरवण्याआधी हवेचा काटा बघा.