21,240 रुपयांचे डायनिंग कार्ड

कोल्हापुरातल्या एका मॉलमधील रेस्टॉरंटमध्ये बसून मी मोफत जेवणाच्या कूपनांच्या एका सोनेरी कार्डापायी 21,240 रुपये घालवले, ही गोष्ट घराबाहेर कोणालाही सांगायची नाही असे आम्ही ठरवले होते. परंतु अलीकडेच शाहूपुरीतल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पाकिटात मला तेच सोनेरी कार्ड दिसले, आणि त्यानेही ते लाजेने लपवून ठेवले होते असे कळल्यावर गप्प बसणे म्हणजे ते कार्ड विकणाऱ्या टोळीचे काम सोपे करणे आहे, हे लक्षात आले.

लकी ड्रॉचा फॉर्म, दोन दिवसांनी येणारा गोड आवाजातला फोन, ‘पत्नीसह या’ हा आग्रह, हा सारा खेळ वाचकांना ठाऊक आहे. सुट्ट्यांच्या मेंबरशिपच्या नावाने जे वर्षानुवर्षे चालते तेच येथे जेवणाच्या नावाने चालते. फरक एकच होता, आणि माझी दिशाभूल झाली ती त्यामुळेच. फॉर्म रस्त्यावरच्या कोणा पोराने हातात कोंबला नव्हता. तो रेस्टॉरंटच्या वेटरने बिलाच्या फोल्डरमध्ये, बडीशेपेच्या वाटीबरोबर आणून दिला होता. पैसे घेण्याची बैठकही त्याच रेस्टॉरंटच्या कोपऱ्यातल्या टेबलावर झाली आणि मधल्या वेळात मॅनेजर स्वतः येऊन ‘कॉफी पाठवू का?’ असे विचारून गेला. ज्या ठिकाणी आपण सहकुटुंब जेवतो, त्या ठिकाणची माणसे ज्याची उठबस करतात त्याच्यावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा आहे, असे मला आजही वाटत नाही.

तांबडा-पांढरा रस्सा सोडून मॉलमधल्या बफेच्या मागे लागायची गरजच काय होती, असे मित्र हसत विचारतात. त्यांच्या घरात सिझलर आणि पास्ता मागणारी मुले नसावीत आणि गाडी लावायला जागा मिळते म्हणून मॉल पसंत करणारी वडीलधारी माणसेही नसावीत. आम्ही महिन्यातून एक-दोनदा बाहेर जेवतोच. कार्डात 24 कूपने होती. एका कूपनावर चौघे गेल्यास दोघांचा बफे मोफत. बफेचा दर 699 रुपये धरला तर वर्षाची बचत 33,552 रुपये होते. हे गणित मी स्वतः मोबाइलवर केले होते आणि ते बरोबरच होते. छापील किंमत 36,000 रुपये पेनाने खोडून कार्ड विकणाऱ्या पोराने 18,000 लिहिले, ‘काका, हे फक्त आजच्या दिवसापुरतं’ असे म्हणाला, आणि वर 18 टक्के जीएसटी म्हणून 3,240 रुपये लावले. ‘फक्त आज’ हे शब्द ऐकू आले की खुर्ची सरकवून उठावे. खरी सवलत उद्याही टिकते.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे त्याविषयी. मी सुट्या भागांचा दुकानदार आहे. दिवसभर पुरवठादारांच्या पावत्या तपासणे हेच माझे काम. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरे पॅनची. त्यानंतर नोंदणीचा क्रम. शेवटून दुसरे अक्षर बहुधा झेड. कार्डाच्या पावतीवर 27 होते, पॅनसारखी दिसणारी दहा अक्षरेही होती, आणि पुढे फक्त दोनच. झेड नव्हता. चौदा अक्षरे! माझ्या दुकानात अशी पावती आली असती तर मी माल उतरवूनही घेतला नसता. त्याच वेळी कार्डयंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर ना रेस्टॉरंटचे नाव होते ना कार्ड विकणाऱ्या कंपनीचे; भलत्याच कोणत्या तरी ‘एंटरप्रायझेस’चे होते. दोन्ही कागद माझ्या हातात होते. परंतु समोर कॉफी आली होती, सौभाग्यवती कूपने चाळत होत्या, आणि तो पोरगा एकसारखा बोलत होता. एकसारखे बोलण्याचाच त्याला पगार मिळतो, हे आता कळते. पावती वाचत असताना कोणी बोलत असेल तर त्याला स्पष्टपणे गप्प राहायला सांगा.

जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेण्यासाठी लॉगिनही लागत नाही. क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समोर येते. माझ्या पावतीवरचा क्रमांक ते संकेतस्थळ स्वीकारतच नाही. म्हणजेच कराच्या नावाने घेतलेले 3,240 रुपयेही सरकारकडे न जाता त्यांच्याच खिशात गेले.

कूपन वापरायला गेलो तेव्हा काय झाले ते थोडक्यात सांगतो. कूपन सोमवार ते गुरुवार चालते, आणि त्या रेस्टॉरंटमध्ये बफे शनिवार-रविवारीच असतो. कार्डाच्या यादीतल्या उरलेल्या चार ठिकाणांपैकी दोन सांगलीत, एक बंद पडलेले, आणि एकाने असे कार्ड कधी पाहिलेच नसल्याचे सांगितले. मुले भुकेली होती, म्हणून आम्ही मेनूकार्डावरून जेवण मागवले. जेवणाचे 2,360 रुपये, त्यावर 10 टक्के सेवाशुल्क 236 रुपये, आणि या दोहोंच्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी, असे 2,726 रुपयांचे बिल आले. सेवाशुल्क परस्पर लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती कायम ठेवली, हे मी शांतपणे सांगितल्यावर मॅनेजरने निमूटपणे 2,478 रुपयांचे नवे बिल आणले. या सगळ्या प्रकरणात वाचलेले हे एकमेव 248 रुपये.

कार्डाविषयी मात्र त्याच मॅनेजरने हात वर केले. ‘आम्ही त्यांना फक्त टेबल दिले होते,’ म्हणे. मॉलच्या कार्यालयाने सांगितले की प्रचाराची जागा रोजच्या भाड्याने दिली जाते. भाडेकरूचे नाव पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय देता येणार नाही. पोलीस ठाण्यात सांगितले की गुन्हा नोंदवल्याशिवाय पत्र देता येत नाही, आणि आरोपीचे नाव-पत्ता नसताना गुन्हा कोणावर नोंदवायचा? हे सांगणारा हवालदार वर मलाच समजावत होता, ‘काका, पिन तुमी सवताच दाबलाय न्हवं? मग हे दिवाणी झालं.’ खोट्या क्रमांकावर कर वसूल करणे हे दिवाणी प्रकरण कसे, हा प्रश्न त्याने ऐकूनच घेतला नाही. अनोळखी व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदवता येतो, हे त्याला माहीत नसेल असे मानायला मी तयार नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे. ठाण्यात नोंद करून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी पाठवली आहे; पोच आली, उत्तर नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, फोन केला तर व्यवहार समोरासमोर झाला असल्याने तो सायबर गुन्हा ठरत नाही, असे उत्तर मिळाले. बँकेनेही पिन मीच टाकल्याचे कारण पुढे केले; सेवा मिळालीच नाही या कारणासाठी चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो, हे शाखेतल्या बाईंना मीच समजावून सांगितले, तेव्हा कुठे अर्ज स्वीकारला गेला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे लक्षात ठेवा आणि अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. जीएसटी कार्यालयात तर ‘अर्ज ठेवून जा’ एवढेच ऐकायला मिळाले. सरकारचा कर सरकारच्या नावाने लुबाडला गेला, त्याची सरकारी कचेरीला इतकी बेफिकिरी! उद्या माझे विवरणपत्र एक दिवस उशिरा गेले तर हीच कचेरी विलंब शुल्क लावायला विसरणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार निदान नोंदवून तरी घेतली. परंतु त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, आणि समोरच्याने उत्तर न दिल्याने ती ‘निकाली’ निघाली.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, मग समोरचा कोणत्याही गावचा असो. मी कार्ड विकणाऱ्यांबरोबर रेस्टॉरंटलाही प्रतिपक्ष केले आहे. टेबल त्यांचे, वेटर त्यांचा, कॉफी त्यांची, मग जबाबदारी कोणाची? नोटीस पोहोचल्यावर मॅनेजरचा फोन आला: ‘सर, मिटवून टाकू, दोघांचं जेवण आमच्याकडून.’ हे लेखी द्या म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

ज्यांच्याकडे हे कार्ड आहे त्यांनी यंत्राच्या चिठ्ठीची झेरॉक्स आजच काढावी. त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात आणि माझ्या चिठ्ठीवरची रक्कम आताच पुसट झाली आहे. कूपनाच्या मागच्या बारीक अक्षरांचे आणि बैठकीच्या निमंत्रणाच्या मेसेजचे फोटोही काढून ठेवावेत. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि शाहूपुरीतल्या त्या व्यापाऱ्याने लाज बाजूला ठेवून तिच्यावर सही करण्याचे कबूल केले आहे.