ब्रुज की गेंट? बिअरसाठी कुठे उतरायचं

युरोपच्या सहलीत बेल्जियमच्या वाट्याला बहुधा दोनच दिवस येतात. एक ब्रसेल्सला जातो. उरलेल्या दिवसात कालव्यांचं जुनं शहरही बघायचंय आणि चांगली बिअरही प्यायचीय, तर ब्रुज गाठावं की गेंट? दोन्ही एकाच लोहमार्गावर आहेत. ब्रसेल्सहून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात गेंटला येते आणि तिथून पुढे पंचवीसेक मिनिटांत ब्रुजला. त्यामुळे अंतराचा मुद्दा इथे नाहीच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. रात्रीचा मुक्काम करणार असाल तर ब्रुज. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर गेंट. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि मग 'ब्रुज सुंदर आहे, पण गर्दी फार' असं म्हणत परततात.

ब्रुजची ती गर्दी दिवसाची आहे. सकाळी दहानंतर बस आणि आगगाड्या भरभरून माणसं येतात, झेब्रुगेच्या बंदरात क्रूझ लागली असेल तर तिचीही भर पडते. बोटींसाठी रांगा लागतात, चॉकलेटच्या दुकानांत शिरायला जागा राहत नाही. ही सगळी मंडळी संध्याकाळी परतीची गाडी पकडतात. साडेसात-आठला जेवण करून रोझेनहूटकायच्या धक्क्यावर या. कालव्याच्या वळणावर पाणी अगदी स्थिर असतं. विटांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, काठावरच्या झाडाच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या आणि मागे 83 मीटर उंचीचा घंटामनोरा. दुपारी याच कठड्याशी फोटोसाठी माणसं एकमेकांना ढकलत होती. आता एखादी सायकल दगडी फरशीवरून खडखडत जाते, तेवढाच आवाज.

हे शहर असं टिकलं ते गरिबीमुळे. समुद्राशी जोडणारी झ्विन नावाची खाडी गाळाने भरत गेली आणि साधारण 1500 च्या सुमारास व्यापार अँटवर्पकडे सरकला. पैसा गेला, तशी जुनी घरं पाडून नवी बांधायची ताकदही गेली. त्या उतरत्या काळाने राखलेलं शहर 2000 साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. गेंटचं नशीब वेगळं निघालं. एकोणिसाव्या शतकात तिथे सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या, 1817 मध्ये विद्यापीठ आलं. गेंट कधी थांबलंच नाही. दोन्ही ठिकाणच्या बिअरमध्येसुद्धा मला हाच फरक जाणवतो.

आधी ब्रुजची बिअर. दे हाल्व्ह मान म्हणजे 'अर्धचंद्र', गावाच्या पोटातली ब्रुअरी. माएस कुटुंब 1856 पासून ती चालवतंय. तिथली ब्रुग्स झॉट 6 टक्के अल्कोहोलची, सोनेरी आणि सहज घशाखाली उतरणारी. स्ट्राफे हेन्ड्रिक मात्र जड गडी: तिची ट्रिपल, म्हणजे कडक सोनेरी बिअर, 9 टक्के आणि क्वाड्रुपल, म्हणजे त्याहून कडक गडद बिअर, 11. 'झॉट' म्हणजे वेडा. त्याची गोष्ट ब्रुजमध्ये कोणीही सांगेल. गावकऱ्यांनी सम्राट मॅक्सिमिलियनकडे वेड्यांचं इस्पितळ बांधायची परवानगी मागितली, तेव्हा तो म्हणाला, वेशीचे दरवाजे बंद करा, झालं इस्पितळ तयार.

बाटल्या भरण्याचा कारखाना गावाबाहेर गेल्यावर या ब्रुअरीला रोज टँकर आणावे लागत. अरुंद गल्ल्या आणि जुन्या दगडी रस्त्यांवर टँकर! म्हणून त्यांनी 2016 मध्ये गावाखालून कारखान्यापर्यंत बिअरची पाइपलाइन टाकली, सुमारे 3 किलोमीटरची. पैशांसाठी लोकांकडून वर्गणी घेतली आणि मोठी वर्गणी देणाऱ्यांना आयुष्यभराची बिअर देऊ केली. वारसा आणि धंदा दोन्ही सांभाळायचे तर डोकं असं चालवावं लागतं, मला याचं मनापासून कौतुक वाटतं. ब्रुअरी दाखवायला नेतात तेव्हा जिने उभे आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करूनच जावं. शेवटी न गाळलेली झॉट मिळते, जराशी गढूळ आणि ब्रेडसारख्या वासाची. बाटलीतल्या झॉटपेक्षा ती कितीतरी सरस आहे.

पण ब्रुजची खरी श्रीमंती तिथल्या पबमध्ये आहे. 'ट ब्रुग्स बेर्त्ये हा 1983 पासूनचा छोटा पब, यादीत तीनेकशे बिअर. तिथे बाटली ओतणाऱ्याचा हात बघत राहावा. ज्या बिअरचा ग्लास त्याच बिअरला. तो आधी पाण्याने ओला करतात, मग तिरपा धरून बिअर सावकाश सोडतात आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राखतात, कारण तळाशी यीस्टचा गाळ असतो. कोणी तो वेगळा पितात, कोणी मागाहून ग्लासात ढवळून घेतात. काय प्यावं कळत नसेल तर आपल्याला कशाची चव आवडते ते सरळ सांगावं. मी आंबट म्हटल्यावर पुढ्यात रूसेलारेची रोडेनबाख आली. लाकडी पिंपांत मुरलेली लालसर बिअर, पहिल्या घोटाला मला कोकमाची आठवण झाली. पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये इतक्या वर्षांत अशी चव माझ्या जिभेवर आली नव्हती.

मार्क्ट आणि बुर्ख या दोन चौकांना जोडणाऱ्या रस्त्यावरून एक बोळ फुटतो. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढाच. त्याच्या टोकाला दे गारे. घरची ट्रिपल 11 टक्क्यांची, बुटक्या गोलसर ग्लासात जाड फेसाखाली येते आणि सोबत चीजच्या तुकड्यांची वाटी. माणशी तीन ग्लास, चौथा देत नाहीत. हा नियम मनावर घ्या. आपल्याकडच्या टॅपरूममध्ये बिअर साधारण 5 टक्क्यांची असते, त्या हिशेबाने हात चालवला तर दुसऱ्या ग्लासानंतर तो बोळही सरळ दिसायचा नाही. ही बिअर गोडसर लागते, चढते ते उशिरा कळतं. पोटात काही घालूनच बसावं.

आता गेंट. एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. कालव्यांचं गाव म्हणून गेंटला जाल तर ब्रुजसारखं चित्र मिळणार नाही. गेंटचं पाणी प्रामुख्याने नद्यांचं. लेई आणि स्खेल्ड यांचा संगम तिथे आहे, सोबत लिव्हसारखा तेराव्या शतकातला कालवा. पात्रं रुंद, काठ गजबजलेले. उन्हाच्या संध्याकाळी ग्रासलेईच्या पायऱ्यांवर विद्यार्थी पाण्यात पाय सोडून बसतात, समोरच्या कोरनलेईवर दिवे लागतात आणि मागे 1180 चा ग्राव्हनस्टेन किल्ला उभा. या गावाला पर्यटकांवाचून काही अडत नाही, आणि ते चालताना जाणवतं. दुपारी दोन वाजताही इथे श्वास घेता येतो. दिवसाच्या सहलीसाठी गेंट, असं मी म्हणते ते यासाठीच. शिवाय सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंचं 1432 चं वेदीचित्र आहे. त्यातली एक फळी 1934 मध्ये चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही.

गेंटच्या बिअरमधली मला सगळ्यात भावलेली गोष्ट सांगण्यासाठी पुन्हा ब्रुजला जावं लागेल. मध्ययुगात हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, सर्रास वापरात येण्याआधी बिअरमध्ये वनस्पतींचं एक मिश्रण टाकत, त्याला म्हणत 'ग्रूट'. ते विकण्याचा मक्ता ब्रुजच्या एका घराण्याकडे होता. त्या पैशांतून उभा राहिलेला त्यांचा वाडा, ग्रूटहूझे, आज संग्रहालय आहे. मक्त्यातला पैसा तुम्हाला ब्रुजमध्ये दगडात कोरलेला दिसतो. त्या मसाल्याच्या बिअरची चव घ्यायची असेल तर मात्र गेंट गाठावं लागतं. तिथे 2009 साली ग्रूट नावाची ब्रुअरी सुरू झाली, एका बाईने सुरू केलेली, आणि तिने हॉप्स बाजूला ठेवून जुन्या वाटेने मसाल्यांची बिअर काढली. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात डूलालीने महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअरीची वाट उघडली.

ग्रूटची बिअर मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा जिभेच्या मागच्या कडूपणाची वाट बघत राहिले, तो आलाच नाही. त्याच्याऐवजी काढ्याच्या जवळ जाणारा, पण हलका असा वास रेंगाळला. सगळ्यांना आवडेल असं नाही. कडू आयपीए आवडणाऱ्यांना ती फिकी वाटेल. आपल्याकडच्या 'बेल्जियन विट' या गव्हाच्या बिअरमधले धने आणि संत्र्याची साल आवडत असेल, तर ही चुकवू नका.

नवं काय चाललंय ते बघायचं असेल तर गेंटच्याच डोक नूर्ड भागात जा. जुन्या कारखान्याच्या दालनात 2018 पासून डोक ब्रुइंग कंपनी आहे. लांबलचक बाकं, खेळणारी पोरं, समोर टाक्या आणि तीसेक नळ. आयपीए, आंबट, काळी, सगळं छोट्या ग्लासात चाखता येतं. ब्रुजला बिअरची यादी म्हणजे एखादं जुनं ग्रंथालय, इथली पाटी मात्र दर आठवड्याला पुसून नव्याने लिहिलेली. फ्रायडाख मार्क्टवरच्या डुल्ल ग्रीटमध्ये मोठा ग्लास मागवला की एक बूट अनामत ठेवावा लागतो. तो टोपलीत घालून छताला टांगतात. ग्लास 1.2 लिटरचा. गंमत म्हणून एका टेबलाने एक मागवावा, एकट्याने नको.

शाकाहारी मंडळींसाठी गेंट निर्विवाद पुढे. 2009 पासून तिथे दर गुरुवारी शाकाहाराचा दिवस पाळतात आणि त्याचा परिणाम एरवीच्या मेनूंवरही दिसतो. ब्रुजमध्ये चीजची क्रोकेट (तळलेले रोल) आणि सूप यांवर भागतं. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र विचारायचीच: फ्राइज कशात तळलेत? बेल्जियमची जुनी पद्धत गाईच्या चरबीत तळायची आहे आणि पाटीवर तसं लिहिलेलं नसतं.

घरची वडीलधारी सोबत असतील तर ब्रुजच्या घंटामनोऱ्याला 366 पायऱ्या आहेत, गेंटच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे. ब्रुजचं स्टेशन चौकापासून चालत वीस मिनिटांवर. गेंटचं जरा लांब, तिथून ट्राम घ्यावी.

तेव्हा दोन रात्री असतील तर दोन्हीकडे एकेक. एकच रात्र असेल तर सकाळी ब्रसेल्सहून थेट गेंट, बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून दिवसभर हिंडा आणि संध्याकाळी गर्दी परतायच्या वेळेला ब्रुजला पोहोचा. रात्र अजिबात नसेल तर ब्रुजचा मोह सोडा. मार्चच्या आधी किंवा नोव्हेंबरच्या मध्यानंतर गेलात तर ब्रुजच्या बोटी बहुधा बंद असतात, पण पबमध्ये जागा मिळते. मला ती अदलाबदल चालते. छोट्या पबना आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, हॉटेल ठरवण्याआधी वार तपासा.

परतताना भारतात माणशी 2 लिटर मद्याची सूट आहे. 330 मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे 1980 मिलिलिटर, बरोबर बसतात. मी तीन स्ट्राफे हेन्ड्रिक आणि तीन ग्रूट आणते, मोज्यांत घालून बॅगेच्या मधोमध. गेंटच्या ग्रुंटेनमार्क्टवर टीरेनटाइन-व्हेर्लेंटच्या दुकानात पिंपातून काढून बरणीत भरून मिळणारी मोहरीही घ्या. नाकात झणका बसतो, आपल्या कैरीच्या लोणच्यातल्या फेसलेल्या मोहरीसारखा. घरी आल्यावर ती तडक फ्रिजमध्ये ठेवा, तिचा झणका फार दिवस टिकत नाही.