जाळीवर मोठं नाव, मागे साधा स्पीकर: जुन्या लक्झरी गाडीच्या आवाजातली दुहेरी फसवणूक

जुन्या लक्झरी गाडीच्या म्युझिक सिस्टीमवरून माणूस दोनदा फसतो. पहिल्यांदा गाडी घेताना. दाराच्या जाळीवर नामांकित कंपनीचं नाव असतं आणि त्या नावाचे तो जास्तीचे पैसे मोजतो. दुसऱ्यांदा काही महिन्यांनी. आवाज बंद पडतो किंवा फाटायला लागतो, फिटर म्हणतो, ‘कंपनीचा अ‍ॅम्प गेलाय, काढून टाका, बाहेरची सिस्टीम बसवू.’ (अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर.) कंपनीची प्रीमियम सिस्टीम ठेवावी की आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीची, बसवावी, यावर विचार करायला त्याला कुणी सवडच देत नाही. अशा गाड्या उघडल्यावर आत काय सापडतं, ते इथे लिहितो आहोत.

आधी जाळी. बर्मेस्टर, हरमन कार्डन, बँग अँड ओलुफसेन ही नावं कोरलेल्या नकली जाळ्या सुट्या मिळतात. दिवा लागणारे, फिरणारे ट्विटर (बारीक, तीक्ष्ण आवाजाचे छोटे स्पीकर) सुद्धा मिळतात. गाडीच्या साध्या आणि प्रीमियम प्रकारांत दाराचं पॅनेल पुष्कळदा एकच असतं, फरक फक्त जाळीचा आणि तिच्या मागच्या जागेचा. त्यामुळे जाळी बदलायला फारसा वेळ लागत नाही. फिरणारा ट्विटर मूळ ट्विटरच्याच वायरला समांतर जोडलेला असतो आणि त्याच्या दिव्याची वीज दारातल्या दिव्यावरून घेतलेली असते. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. चार ओहमचे दोन ट्विटर समांतर झाले की भार दोन ओहमवर येतो. साध्या सिस्टीमचा छोटा अ‍ॅम्प तो भार फार काळ सोसत नाही. म्हणजे दुसऱ्या फसवणुकीची पायाभरणी पहिलीतच होते.

स्क्रीनवर लोगो दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. काही गाड्यांत कोडिंग करून (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नोंदी बदलून) मेनूत प्रीमियम सिस्टीमचं नाव आणता येतं, मागे एकही जास्तीचा स्पीकर नसताना.

खरी नोंद चासी नंबरात. सतरा अक्षर-अंकांच्या या नंबरावरून गाडी कारखान्यातून काय घेऊन निघाली ते कळतं. त्यावरून निघणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या कोडांच्या यादीत ६७६ म्हणजे हायफाय, ६८८ म्हणजे हरमन कार्डन, ६एफ१ म्हणजे बॉवर्स अँड विल्किन्स. मर्सिडीजमध्ये ८१० हा कोड बघा, पण मॉडेलही बघा: जुन्या सी क्लासला तोच कोड हरमन कार्डनसाठी होता, पुढच्या पिढीत बर्मेस्टरसाठी. ऑडीत स्टेपनीच्या खळग्यात आणि सर्व्हिस पुस्तिकेत कोडांचं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते फाडलेलं असेल तर का, हे विचारा. सालसुद्धा बोलतं. बीएमडब्ल्यूत बॉवर्स अँड विल्किन्स २०१५च्या सेव्हन सिरीजपासून आली. त्याआधीच्या गाडीवर ते नाव असेल तर जाळी नंतर चिकटवलेली आहे.

कागद जुळला तरी काम अर्धंच झालं, कारण उलटा प्रकारही चालतो. गाडी खरोखर प्रीमियम असते, पण आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी मूळ अ‍ॅम्प काढून विकलेला असतो. म्हणून डिकीच्या बाजूचं अस्तर उघडून अ‍ॅम्प डोळ्यांनी बघा (काही गाड्यांत तो सीटखाली किंवा गालिच्याखाली असतो). त्यावरचा पार्ट नंबर चासी नंबराच्या यादीशी जुळवा. मग बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) टोकाला नेऊन एकेक कोपरा वेगळा वाजवा आणि प्रत्येक जाळीला कान लावा. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून आवाज आला पाहिजे. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत बास पुढच्या सीटखालून येतो; तिथे हात ठेवला की थरथर जाणवते. एखादी जाळी मुकी निघाली तर मागे रिकामी जागा आहे किंवा मेलेला स्पीकर. दोन्ही गोष्टी किंमत ठरण्याआधी कळलेल्या बऱ्या.

आता दुसरी फसवणूक. ती जास्त महाग पडते.

२००१च्या सुमारापासून बऱ्याच जर्मन गाड्यांत स्क्रीन, रेडिओ, फोन आणि अ‍ॅम्प हे मोस्ट नावाच्या प्रकाशतंतूच्या कड्यात जोडलेले असतात. माळेसारखी रचना: प्रकाश एका यंत्रातून दुसऱ्यात जातो आणि फिरून पहिल्याकडे येतो. माळेतला एक दुवा तुटला की सगळी सिस्टीम मुकी होते. दोष कुठल्याही दुव्यात असू शकतो, पण अ‍ॅम्प सगळ्यांत विकाऊ, म्हणून बोट त्याच्याकडे दाखवलं जातं. मालक घाबरून होकार देतो, मूळ अ‍ॅम्प ‘भंगार’ म्हणून दुकानातच राहतो आणि पुढे दुसऱ्याच गाडीसाठी चांगल्या भावाने विकला जातो.

अ‍ॅम्प खरंच गेलाय का, हे तपासणं अवघड नाही. आधी फ्यूज. मग अ‍ॅम्पच्या कपलरवरचा (वायरींच्या जोडावरचा) हिरवा-पांढरा गंज: डिकीत पाणी शिरलं की सगळ्यांत आधी हाच भाग सडतो. पाणी मागच्या दिव्याच्या रबरातून येतं किंवा सनरूफची नळी तुंबल्यामुळे येतं. ते थांबवल्याशिवाय नवा अ‍ॅम्पही टिकणार नाही. त्यानंतर प्रकाशतंतूचा कपलर काढा. या जुन्या मोस्टचा प्रकाश लाल असतो आणि सिस्टीम जागी असताना तंतूच्या येणाऱ्या टोकाला तो डोळ्यांना दिसतो. दिसला नाही तर दोष अ‍ॅम्पच्या अलीकडे आहे. दिसला, तर अ‍ॅम्पच्या जागी छोटा लूप जोडून कडं पूर्ण करा. स्क्रीन आणि बाकी यंत्रं जागी झाली तर अ‍ॅम्प दोषी, नाही झाली तर तो बिचारा निर्दोष. हा लूप छोटासा प्लास्टिकचा तुकडा असतो. ज्याच्याकडे तो नाही आणि तरी जो अ‍ॅम्प गेल्याचं ठामपणे सांगतो, त्याला गाडी देऊ नका. तंतू २५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवला तर प्रकाश गळतो. डिकीत सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) कोंबताना हे हमखास घडतं. नव्या गाड्यांत अ‍ॅम्प वेगळ्या पद्धतीने जोडलेला असू शकतो. तिथे स्कॅनरवर अ‍ॅम्प उत्तर देतो का ते बघायला सांगा आणि दोषाचा कोड छापून घ्या.

आवाज बंद नसून नुसता फाटत असेल, तर बहुतेक वेळा वूफरची (खोल आवाजाच्या स्पीकरची) कड सडलेली असते. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. अशी कड बदलता येते किंवा तोच वूफर नवा घेता येतो. त्यासाठी सगळी सिस्टीम उपटायला सांगणारा माणूस तुमचं काम करत नाहीये.

इथे ‘नुसते स्पीकर बदलू’ हा सल्ला मिळतो आणि तो वरवर स्वस्त वाटतो. कंपनीच्या प्रीमियम सिस्टीममधले स्पीकर पुष्कळदा दोन ओहमचे असतात, काही त्याहूनही कमी. त्या जागी बाजारातला चार ओहमचा स्पीकर लावला की त्याच अ‍ॅम्पकडून त्याला निम्मी शक्ती मिळते. शिवाय मूळ अ‍ॅम्पमध्ये त्या ठरावीक स्पीकरसाठी, त्या ठरावीक केबिनसाठी बसवलेलं इक्वलायझेशन (कुठला सूर किती वाजवायचा) आणि वेळेचं गणित (कुठल्या स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडायचा) असतं. नव्या स्पीकरला ते लागू पडत नाही. आवाज पातळ, कर्कश होतो. मग फिटर म्हणतो, आता अ‍ॅम्पही बदला. उलट, दोन ओहमचे मूळ स्पीकर ठेवून चार ओहमलाच झेपणारा स्वस्त अ‍ॅम्प लावला तर तो तापतो आणि मधेच बंद पडतो. मल्टिमीटरने मोजून घ्या: चार ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, दोन ओहमचा १.६ ते १.९.

वॅटचे आकडे हा तर उघड खोटेपणा. अ‍ॅम्पवर २००० वॅट छापलेलं आणि बाजूला ३० अँपिअरचा एकच फ्यूज, असं दिसलं तर गुणाकार करा. ३० गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ४१४ वॅट आत जातात. क्लास डी अ‍ॅम्प त्यातले ऐंशी टक्के बाहेर देईल असं धरलं तरी सुमारे ३३० वॅट, तेही सगळ्या चॅनेलांत मिळून. म्हणून आकडा आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, मागा: किती ओहमला, किती चॅनेलला, किती विकृतीला.

वायरमध्येही तेच. जाड प्लास्टिकच्या आत बारीक गाभा, आणि तोही तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम. ब्लेडने एक तार खरवडा, आत चंदेरी दिसली की समजा. चार गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप) खऱ्या वायरचा गाभा सुमारे २१ चौरस मिमी असतो. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर घासलेली वायर गाडी पेटवू शकते. अर्थिंग बॅटरीच्या ऋण टोकावर थेट घेऊ देऊ नका. तिथे बॅटरीची नोंद ठेवणारा सेन्सर असतो आणि असं जोडलेला भार त्याला दिसत नाही. अर्थ बॉडीवर, रंग खरवडून, घट्ट बोल्टखाली.

मूळ अ‍ॅम्प काढल्यावर जे हरवतं, ते कुणी आधी सांगत नाही. अनेक गाड्यांत पार्किंग सेन्सरचा आवाज, सीटबेल्टची सूचना, फोनवरचं बोलणं त्याच अ‍ॅम्पमधून येतं. काही गाड्यांत छताच्या अस्तरात माइक असतात आणि रस्त्याची घरघर उलट्या लहरींनी मारली जाते. नवा सबवूफर लावून ही यंत्रणा चालूच ठेवली तर केबिनमध्ये खोल गुणगुण सुरू होते, आणि फिटर दोष सबवूफरच्या पेटीला देतो. दाराच्या पॅनेलमागचा पातळ पडदा तर जपायलाच हवा. पुष्कळ गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा सेन्सर दारातल्या हवेचा दाब मोजतो. स्पीकरसाठी भोक मोठं केलं किंवा पडदा फाडून तसाच ठेवला, तर तो दाब चुकीचा मोजला जाऊ शकतो. एअरबॅगशी असा खेळ कुणालाही करू देऊ नका.

मग ठेवावं काय? मूळ प्रीमियम सिस्टीम पूर्ण असेल तर ती दुरुस्त करून ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे; त्या केबिनसाठी तितका वेळ देऊन जुळवणी करणारा फिटर क्वचित भेटतो. गाडी मुळात साध्या सिस्टीमची असेल, किंवा अ‍ॅम्प पाण्याने खरंच संपला असेल, तर आफ्टरमार्केट घ्यावी, पण डीएसपी (आवाज केबिनप्रमाणे जुळवणारी चिप) असलेला अ‍ॅम्प आणि मूळ कपलरला तसाच बसणारा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) घेऊन. मूळ वायर कापायची नाही. जुना अ‍ॅम्प दुसऱ्या ऑडीतून काढून आणतो म्हणणाऱ्याला विचारा की कंपोनेंट प्रोटेक्शन (एका गाडीचा भाग दुसरीत चालू नये म्हणून कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप) कोण उघडून देणार, कारण ते उघडल्याशिवाय तो नीट वाजणार नाही.

पैसे देण्याआधी गाडी बंद करून, कुलूप लावून तासभर ठेवा आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजायला लावा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. आला नाही तर नवा अ‍ॅम्प झोपत नाहीये आणि थोड्याच दिवसांत बॅटरी उतरेल. बिलावर नव्या प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर लिहून घ्या. काढलेला मूळ अ‍ॅम्प, स्पीकर, जाळ्या, स्क्रूसकट सगळं मोजून परत घ्या. काम सुरू होण्याआधी मूळ अ‍ॅम्पच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवलात, तर परत मिळालेला अ‍ॅम्प तुमचाच आहे की दुसऱ्याच गाडीतला मेलेला, हे तिथल्या तिथे समजतं.