मुलाच्या वाढदिवसाचं डेकोरेशन ऑनलाइन बुक करताय? आधी हे वाचा

मुलाच्या वाढदिवसाच्या डेकोरेशनच्या नावाखाली मला फसवलं, एकूण ८,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्याच्या ज्याच्याकडे गेले त्या प्रत्येकाने पहिल्यांदा आकडाच विचारला आणि तो ऐकल्यावर पुढचं ऐकून घ्यायचं सोडून दिलं. ४,२५० ॲडव्हान्स, २,५०० डिपॉझिट, ६५० सजावटीतल्या बिबट्याचे, ९०० टेम्पोचे. चारही वेळा यूपीआय.

ज्यांना ही रक्कम किरकोळ वाटते त्यांना आमचं गणित सांगते. यंदा भिशी मला लागली. त्यातले १८,००० वाढदिवसाला, एक रुपया वर नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. सोसायटीचं क्लबहाउस २,०००. चाळीस माणसांची पावभाजी, ताटाला ११० प्रमाणे ४,४००. दीड किलोचा केक १,२००. पंचवीस मुलांना साठ रुपयांचं रिटर्न गिफ्ट, म्हणजे १,५००. झाले ९,१००. उरलेल्या ८,९०० मध्ये डेकोरेशन बसवायचं होतं. दोन ठिकाणी चौकशी केली तर एकाने १४,००० सांगितले, दुसऱ्याने १६,५००. तेवढ्यात ही जाहिरात समोर आली: जंगल थीम, बॅकड्रॉप, फुग्यांची कमान, पाच कटआउट, नावाचा बोर्ड, सगळं मिळून ८,५००. "स्वस्तात मस्त बघायला गेलीस म्हणून फसलीस" असं नातेवाइकांपैकी दोघांनी तोंडावर सांगितलं. ८,५०० रुपये ही फुकटात मागितलेली गोष्ट नाही. आमच्यासारख्या घरात तेवढ्या पैशात किराणा आणि दूध मिळून महिना निघतो.

आता बिबट्याचं. मुलाचं आजोळ जुन्नरकडे. तिकडे बिबट्या हा घरातल्या गप्पांचा विषय, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचं नाव त्याला शाळेच्या नावाआधी पाठ झालं. पाच वर्षांचा होतोय आणि हट्ट एकच, वाढदिवसाला बिबट्या पाहिजे. बाजारात जंगल थीमच्या नावाखाली जे मिळतं त्यात सिंह, जिराफ, झेब्रा असतात. बिबट्या कुणी ठेवत नाही. मी हे त्या जाहिरातवाल्या माणसाला लिहिलं तर दहा मिनिटांत उत्तर: "ताई, बिबट्या करून देतो, फक्त ६५० जास्त पडतील." आणि अर्ध्या तासात त्याने फोटो पाठवला. हिरवी पानं, फांदीवर बसलेला बिबट्या, आणि खाली माझ्या मुलाचं नाव, ऱ्हस्व-दीर्घ अगदी बरोबर, 'पाच वर्षांचा झाला' असं लिहिलेलं. तो फोटो मी मुलाला दाखवला. तो उड्या मारायला लागला. त्यानंतर दुसरीकडे चौकशी करायचा प्रश्नच उरला नाही, आणि त्या माणसाला नेमकं हेच हवं होतं. असं चित्र मोबाइलवर पाच मिनिटांत बनतं, त्याला एक पैसा लागत नाही. कुणी डेकोरेटर पैसे घ्यायच्या आधीच तुमच्या मुलाच्या नावाचं डिझाइन पाठवत असेल तर ते मुलाला दाखवू नका. आधी माणूस खरा आहे का ते बघा.

पुढचं सगळं नेहमीसारखंच झालं. तारीख अडवून ठेवायची म्हणून निम्मे पैसे. मग "कटआउट मुलं फाडतात ताई, म्हणून डिपॉझिट, कार्यक्रम संपला की जागेवर परत." मग बिबट्या. मग आदल्या रात्री टेम्पोवाला पैसे घेतल्याशिवाय माल भरत नाही म्हणून ९००. प्रत्येक रक्कम अशी की त्यावर भांडण करावंसं वाटू नये. शनिवारी सकाळी अकराला माणसं येणार होती. साडेअकराला "निघालेत ताई", बारा वाजता "वारज्यात ट्रॅफिक आहे", साडेबाराला फोन बंद.

ज्या क्षणाचा मला अजून संताप येतो तो वेगळाच आहे. पहिले ४,२५० पाठवताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. एका बाईचं. मी ज्याच्याशी बोलत होते तो पुरुष, आडनावही जुळत नव्हतं. मी थांबले, विचारलं. लगेच व्हॉइस मेसेज: "ताई, वहिनींचं खातं आहे, दुकानाचं करंट खातं ऑडिटमध्ये अडकलंय." पाठीमागे हातोडीचा आवाज, कुणाला तरी "ती फ्रेम नीट धर" असं सांगणं. मी पैसे पाठवले. मी म्हणते, कुणी पाठवले नसते? आमच्या डब्याच्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या नावाचा आहे. भाजीवाल्याचा मेहुण्याच्या नावाचा. रोज आपण असेच पैसे देतो आणि रोज ते योग्य माणसाला पोचतात.

पण २,५०० पाठवताना नाव पुन्हा बदललं. या वेळी तिसराच कुणी, पार वेगळ्या प्रांतातलं वाटणारं नाव. विचारलं तर "तो आपला गोडाऊनचा मुलगा." तिथे, नेमकं तिथे, माझं बोट मागे यायला हवं होतं. एकाच धंद्याला चार दिवसांच्या आत दोन माणसांची दोन खाती कशाला लागतील? आता कळतं की पहिलं खातं तोवर कुणाच्या तरी तक्रारीने गोठलेलं असणार. ही खाती भाड्याने घेतलेली असतात, एक बंद पडलं की दुसरं. तेव्हा मी ऑफिसात होते, दुपारच्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं उरलेली, समोर डबा उघडा, आणि तो लिहितोय की पाच वाजेपर्यंत डिपॉझिट आलं नाही तर तारीख दुसऱ्यांना जाईल. घाई त्यानेच लावली होती. वेळही त्यानेच हेरली होती, कारण मी कधी जेवते ते मीच त्याला आधी सांगून ठेवलं होतं, "दोन ते अडीचमध्येच फोन करा" म्हणून.

यूपीआय ॲपमध्ये समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं खरं नाव दाखवणं २०२५ च्या मध्यापासून बंधनकारक झालंय. म्हणजे ते नाव खोटं नसतं, खोटा असतो तो त्या नावाबद्दल दिलेला खुलासा. दुसऱ्यांदा नाव बदललं की थांबा. कारण कितीही पटणारं असू दे.

फोटोंचंही सांगते. "मागच्या रविवारी कोथरूडला केलेलं काम" म्हणून त्याने जो फोटो पाठवला होता, तो नंतर माझ्या नवऱ्याने मोठा करून पाहिला. कमानीच्या खाली भिंतीवर प्लगचं पॉइंट होतं, तीन चौकोनी भोकांचं. आपल्याकडे गोल भोकं असतात. तो फोटो परदेशातल्या कुठल्या तरी हॉलचा उचललेला. ज्या पानावरून ती जाहिरात आली होती त्याची माहिती उघडून बघितली तर तेच खातं आधी साड्या विकत होतं, नाव दोनदा बदललेलं. ही माहिती प्रत्येकाला दिसते, तीन ठिपके दाबले की. मला ते माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालं, तेव्हा बघत जा. कमेंट बंद ठेवलेल्या पानावर पैसे पाठवू नका. गोडाऊनमधून व्हिडिओ कॉल करायला सांगा, खरा डेकोरेटर दोन मिनिटांत करतो. तुमच्या हॉलवर आधी काम केलेल्या माणसाचा नंबर वॉचमनकडे असतो, तो मागा.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून 'रिफंड विभाग' म्हणून मेसेज आला, सोबत ८,३०० चा क्यूआर, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. तिथे मात्र त्याची डाळ शिजली नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच बसवून सांगा. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्या माणसाकडून पैसे मागायची रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, म्हणून आता हे लोक रिफंडच्या नावाने क्यूआर पुढे करतात.

आता तक्रारीचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, पोचक्रमांक आला. हे काम मी पुन्हा सांगेन, सगळ्यात आधी करा, तासाभरात करा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून हाताशी ठेवा, तिथे तो विचारतात.

बँकेच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरून नजर न हलवता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना, मग बँक काय करणार?" मी म्हटलं, पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवा तरी. तर म्हणे ॲपमधून तक्रार टाका. ॲपमध्ये टाकली, दोन दिवसांनी 'व्यवहार यशस्वी असल्याने तक्रार बंद' असा मेसेज. व्यवहार यशस्वी झाला हीच माझी तक्रार आहे! ज्या ॲपवर जाहिरात होती तिथे पानाची तक्रार केली, उत्तर आलं की पान नियमांत बसतं. पैसे घेऊन जाहिरात दाखवतात, तर जाहिरातदार कोण आहे हे बघायचं काम कुणाचं?

मग पोलीस चौकी. साहेब चांगल्या शब्दांत बोलले, पण बोलले काय? "ताई, आठ हजारांसाठी किती हेलपाटे घालणार? हे लोक बाहेरच्या राज्यात बसलेले असतात." मग म्हणाले ॲडव्हान्स दिला होता म्हणजे व्यवहार होता, दिवाणी प्रकरण झालं. मग म्हणाले दुसऱ्या ठाण्यात जा. दुसऱ्या ठाण्यातून सांगितलं, एवढ्या रकमेचं तुमच्याच चौकीत होईल. आणि चॅटचा पुरावा द्या म्हणाले. तर त्या माणसाने चॅटवर चोवीस तासांत मेसेज गायब होण्याची सोय पहिल्याच दिवशी लावून ठेवलेली! मी दोन-चार स्क्रीनशॉट काढले होते ते केवळ बिबट्याचा फोटो नवऱ्याला पाठवायचा म्हणून. चॅटच्या वर तशी बारीक ओळ दिसली तर जागे व्हा, आणि पैसे देण्याआधीचं सगळं बोलणं फोटो काढून ठेवा.

फसवणूक ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. १ जुलै २०२४ च्या आधी ज्याला सगळे चारसोवीस म्हणत, तेच. ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात किमान इतके रुपये गेले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. हद्दीचं कारणही चालत नाही, कुठल्याही ठाण्यात खबर नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी वकील नाही. पण आई असलेल्या बाईने कायदा वाचून यायचा, आणि ज्यांना तो राबवायचाय त्यांनी रक्कम विचारायची, हे कुठलं काम?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि राहत्या गावीच दावा करता येतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून चौकशीही होते. पण दाव्यात समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. इथे माझं डोकं फिरतं. त्या बाईच्या खात्याचं केवायसी बँकेकडे आहे. ज्या सिमवरून तो बोलत होता त्याची कागदपत्रं कंपनीकडे आहेत. जाहिरातीचे पैसे भरले त्या कार्डाची नोंद ॲपकडे आहे. तिघांकडे पत्ता आहे, तिघंही मला देणार नाहीत, पोलीस मागवणार नाहीत, आणि कागद पुढे सरकवायला पत्ता मी आणायचा! रक्कम लहान ठेवतात ती यासाठीच. ८,३०० साठी कुणी उठत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शंभर घरांतून ८,३०० घेतले तर ८ लाख ३० हजार होतात, पण ते शंभर वेगवेगळ्या चौक्यांत 'किरकोळ' म्हणून परत पाठवलेले असतात.

वाढदिवस झाला. नवरा आणि शेजारचा दादा गाडीवरून पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीला गेले, फुगे, पंप, हिरव्या झालरी, कागदी पानं, एक प्लॅस्टिकचं गवत घेऊन आले. २,१४० रुपये. सोसायटीतल्या बायकांनी तीन तासांत कमान उभी केली. बिबट्या मी पुठ्ठ्यावर काढला, मुलाने ठिपके दिले. बजेट कमी असेल तर आधी बोहरी आळीत जा, तिथले भाव बघा, मगच कुणाशी बोला. आणि डेकोरेटर घ्यायचाच असेल तर ५०० च्या वर ॲडव्हान्स नको, बाकी सगळं सामान उतरल्यावर.

बँकेला मी आता लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय. तीस दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. मुलाच्या शाळेतल्या पालकांमध्ये विचारल्यावर आणखी दोन जणी निघाल्या, एकीचे ५,५००, दुसरीचे ३,२००, थीम वेगळी, पण वहिनींचं खातं तेच. दोघींनी तक्रार केलीच नव्हती, रक्कम लहान म्हणून. आता केली. तिघींचे पोचक्रमांक आणि यूटीआर एकाच अर्जात लिहून वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे सोमवारी देतोय. फांदीवरच्या बिबट्याचा किंवा तीन चौकोनी भोकांच्या प्लगवाला फोटो तुम्हालाही आला असेल, ८०० रुपये गेले असले तरी, सोमवारच्या आधी १९३० वर नोंद करून पोचक्रमांक घेऊन ठेवा आणि मला कळवा, तुमचा नंबरही अर्जात घालते.