कोरड्या उन्हाळ्यात नवा टॅटू: सेकंड स्किन, मलम, लोशन काही महिने वापरून झाल्यावर

आधी मार्क देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. कडक कोरड्या उन्हाळ्यात सेकंड स्किनला (टॅटूवर लावायची पारदर्शक चिकट फिल्म) पाचपैकी अडीच, पेट्रोलियम जेलीला एक, साध्या बिनवासाच्या लोशनला पाच, आणि सैल सुती फुल बाह्यांच्या शर्टाला जमलं तर सहा.

टॅटू हाताच्या बाहेरच्या बाजूला आहे, मनगटापासून कोपराच्या जरा खालपर्यंत, बऱ्यापैकी काळी शेडिंग. केला तेव्हा दुपारी पारा 40 च्या वर आणि हवा खडखडीत. सगळीकडे ज्या सूचना मिळतात ना त्या मध्यम हवामान धरून लिहिलेल्या असतात, आणि आपल्याकडे घोळ हा की उघडं ठेवलं तर हवा जखम सुकवून टाकते आणि झाकलं तर आत घाम साचतो, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यामुळे कुठली गोष्ट कधी लावायची यापेक्षा किती लावायची आणि कधी काढायची हे जास्त महत्त्वाचं निघालं.

सेकंड स्किनची फिल्म पहिल्या दिवसासाठी मला आवडली, खोटं कशाला बोलू. कपडे घासत नाहीत, धूळ बसत नाही, झोपताना चादरीला चिकटत नाही. नव्या टॅटूतून पहिले एक-दोन दिवस प्लाझ्मा, थोडं रक्त आणि जास्तीची शाई पाझरते, ती फिल्मखाली काळं पाणी होऊन साचते, बघायला भयानक पण नॉर्मल. खरा त्रास पहिली फिल्म काढून लावलेल्या दुसऱ्या तुकड्याला झाला. तो काही दिवस ठेवायचा असतो, पण बाहेर पडलं की त्या काळ्या पाण्यात घाम मिसळतो, मनगटाच्या बाजूला जिथे हात सारखा वाकतो तिथे कड सुटते आणि एक बारीक वाट तयार होते, त्यातून थेंब बाहेर येतो. आता जिथून थेंब बाहेर येतो तिथूनच बाहेरची घाण आत जाते, म्हणून कड सुटली की फिल्म काढायचीच, वरून टेप मारून चालवायचं नाही. काढताना कोमट पाण्याखाली हात धरून फिल्म वर न ओढता कातडीला समांतर ताणत काढली तर केस उपटत नाहीत. आणि फिल्मच्या गोंदाची काहींना ॲलर्जी असते, चौकोनी लाल चट्टा आणि खाज दिसली की तिचा नाद सोडा.

मग प्रश्न येतो की उघडं ठेवून खपली धरू द्यायची का. जुनी माणसं हेच सांगतात, हवा लागू दे, सुकू दे. पण संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांच्या कातडीवर दाखवलं होतं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी सुकवलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते. कोरड्या हवेत खपली जाड होते, हात वळवला की तडकते, आणि तिथे रंग उडायची भीती. त्यामुळे ओलसर हवं, पण चिकचिकीत नको, आणि इथेच पेट्रोलियम जेलीचा माझा अनुभव वाईट. एसीत बसून राहायचं असेल तर ठीक, पण उन्हात गेलं की तिच्याखाली घाम अडकतो, टॅटूच्या आजूबाजूला घामोळं उठलं आणि वर धूळ चिकटली ती वेगळी. निओमायसिनवालं अँटिबायोटिक मलम एकीने सुचवलं होतं ते लावलंच नाही, ॲलर्जी देण्यात ते इतकं बदनाम आहे की 2010 मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. संसर्ग नसताना उगाच कशाला.

लोशन मात्र जिंकलं. बिनवासाचं, पंपाच्या बाटलीतलं (डबीत सारखी बोटं बुडवायला नकोत म्हणून), वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण टॅटूवर. कातडी चमकली तर जास्त झालं, स्वच्छ टिश्यूने टिपून घ्यायचं. पॅकवर किती वेळा लिहिलंय ते बघू नका, कातडी ओढल्यासारखी वाटली की लावा, मला सूचनेपेक्षा जास्त वेळा लागलं. धुण्याचं उलट आहे. घाम आला की साबणाने धुवावंसं वाटतं पण प्रत्येक वेळी साबण कातडीतलं उरलंसुरलं तेलही नेतो, म्हणून साबण सकाळ-संध्याकाळ, मधे फक्त साधं पाणी. कारण इथला घाम वाहत नाही, उडून जातो आणि मीठ मागे ठेवतो, ते मीठ जे चुणचुणतं ना, बापरे.

पापुद्रे सुटायला लागले तेव्हा पेन्सिल शार्पनरमधून निघतात तसे काळे गळून पडत होते. घाबरू नका, रंग खालच्या थरात पेशींनी धरून ठेवलेला असतो, हे वरचं मेलेलं कातडं. खाजवायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही, फ्रिजमधली थंड पट्टी वरून ठेवली की खाज बसते. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट हातावर घेऊ नका, रात्रभर घेतला तर सकाळी कातडी कागदी होते. कूलरने हवेत ओल येते ते चांगलं, पण टाकीचं पाणी शिळं असेल तर त्याचे तुषार जखमेवर नकोत.

लाली दिवसेंदिवस पसरत गेली, पू आला, ताप आला किंवा लाल रेषा वर चढताना दिसल्या तर लोशन-बिशन बाजूला ठेवून सरळ डॉक्टर.

आता उन्हाचं. कातडी पूर्ण बंद होईपर्यंत सनस्क्रीन लावायचं नाही, तोपर्यंत तो सुती शर्ट. वरून दोन-चार आठवड्यांत बरं झाल्यासारखं दिसतं, खालचं काम त्यानंतरही महिने चालू असतं. आता रोज ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं), एसपीएफ 50 सनस्क्रीन, बाहेर असले तर दर दोन तासांनी परत. झिंक ऑक्साइडवालं सौम्य आहे पण काळ्या शेडिंगवर राखाडी दिसतं, फोटो काढायचा असेल तर पुसून काढा. रंग अजून गडद आहे, फक्त मनगटाच्या वळणावर एक रेघ फिकट पडलीये, तिचा टचअप पाऊस सुरू झाल्यावरच करणार असं आर्टिस्टला सांगून ठेवलंय.